कलेजी, जिगर, यकृत : एका अवयवाचा इतिहास

बकरी ईदच्या दिवशी आमच्या घरी सगळ्यांत आधी कलेजी शिजते. नमाज पढून माणसे ईदगाहवरून परतली, कुर्बानी झाली, की मांसाचे तीन वाटे व्हायच्या आतच कलेजीची थाळी चुलीकडे जाते. कुर्बानी करणारा तोवर उपाशी असतो आणि त्याच घासाने तोंड उघडतो. लहानपणी वरठीत आमच्याकडे कुर्बानी करायला जे चाचा येत, त्यांची एक सवय मला आठवते. कलेजी हातात आली की ते ती उजेडाकडे धरून उलटीपालटी करीत. बोटांनी कडा दाबून पाहत. कधी एखादा तुकडा कापून बाजूला फेकत आणि म्हणत, "तळ्याचं पाणी प्यालेलं जनावर आहे."

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. तळ्यांत गोगलगायी आणि गोगलगायींतून जनावरांच्या पोटात जाणारे, पानासारखे चपटे किडे. ते यकृतात घर करतात. चाचांना हे शास्त्र कुणी शिकवले नव्हते, पण रोगी कलेजी त्यांना बरोबर ओळखू येई. माणसाच्या यकृताविषयी मात्र चाचांना, आम्हाला किंवा मोहल्ल्यातल्या कुणालाही काही म्हणजे काही माहीत नव्हते. ते माहीत नसण्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. ती हकीकत पुढे येईलच.

कलेजी हातात घेऊन वाचणारे चाचा हे काही पहिले नव्हेत. जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनमध्ये बळी दिलेल्या मेंढीचे यकृत पाहून राजाचे भविष्य सांगणारे पुरोहित होते. शिकाऊ पुरोहितांसाठी त्यांनी मातीची यकृते बनवली, त्यांवर चौकोन आखले, खुणा लिहिल्या. तसे एक मातीचे यकृत आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इटलीत पिआचेन्झा गावाजवळ १८७७ साली शेतात नांगराला काशाचे यकृत लागले, त्यावर देवांची नावे कोरलेली होती. माणसाने स्वतःच्या शरीरात डोकावण्याआधी जनावराच्या यकृतात डोकावून पाहिले, असा हा क्रम आहे.

शब्दांकडे पाहिले तरी मौज वाटते. आम्ही घरात जिगर म्हणतो आणि शाळेत यकृत शिकतो. एक फारसी, एक संस्कृत. एक 'त्यांचा', एक 'यांचा', असे समजून दोघांची वाटणीही करून टाकतो. भाषाशास्त्रज्ञ मात्र सांगतात की जिगर आणि यकृत हे सख्खे भाऊ आहेत. लॅटिनमधला 'येकुर' हा त्यांचा तिसरा भाऊ. एकाच जुन्या मुळापासून तिघे निघाले आणि तीन देशांत वाढले. आपले काळीज आणि हिंदी-उर्दूतला कलेजा यांचेही तसेच. संस्कृतात यकृताला कालेय असाही शब्द आहे, त्यातून हे दोघे आले. पुढे मराठीत काळजाने जागा बदलली. काळीज फाटते, काळजाला घरे पडतात, काळजाचा तुकडा सासरी जातो, तेव्हा बोलणाऱ्याचा हात छातीच्या डाव्या बाजूला असतो. खाटकाच्या दुकानात तेच काळीज पुन्हा मूळ जागी, उजव्या बरगड्यांखाली, परत येते. उर्दूत लख्त-ए-जिगर म्हणतात ते पोटच्या पोराला. शौर्य, माया, दुःख या सगळ्यांची वस्ती जुन्या माणसांनी यकृतात मानली होती, हृदयात नव्हे.

का मानली असेल? कारण उघड आहे. शरीर उघडले की सगळ्यांत मोठा, सगळ्यांत रक्ताळ अवयव दिसतो तो हाच. सुश्रुतसंहितेने यकृत आणि प्लीहा रक्तापासून झाल्या असे सांगितले. इब्न माजा यांच्या संग्रहातील एका हदीसमध्ये दोन प्रकारचे रक्त आपल्यासाठी हलाल असल्याचे येते, ते म्हणजे यकृत आणि प्लीहा. यकृत म्हणजे गोठलेले रक्त, ही समजूत हिंदुस्थानात, अरबस्तानात आणि ग्रीसमध्ये सारखीच होती.

ग्रीक परंपरेतला दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन (ज्याला आपले हकीम जालीनूस म्हणतात) याने या समजुतीवर पूर्ण शास्त्र उभारले. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने जालीनूसचे ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले, आणि अकराव्या शतकाच्या आरंभी इब्न सीनाने 'अल-कानून'मध्ये त्या सगळ्याची मांडणी केली. हृदय, मेंदू आणि जिगर हे शरीराचे सरदार अवयव. जठरात अन्न एकदा शिजते, मग त्याचा रस जिगरमध्ये जाऊन दुसऱ्यांदा शिजतो. आमच्या धानाच्या मुलखातल्या माणसाला हे चटकन समजावे. हंडी चुलीवर आहे. नीट शिजले ते दम, म्हणजे रक्त. वर फेस आला तो सफरा, म्हणजे पिवळे पित्त. खाली लागले ते सौदा, म्हणजे काळे पित्त. आणि कच्चे राहिले ते बलगम. जिगरची आच बिघडली की चारही बिघडतात.

आज हे शास्त्र म्हणून टिकत नाही. पण ते निव्वळ कल्पनेचे खेळ होते असे म्हणणेही अन्यायाचे होईल. काविळीला हकीम यरकान म्हणत. पित्ताच्या वाटेत सुद्दा, म्हणजे अडथळा, आला की पित्त आतड्यात न उतरता रक्तात चढते, डोळे पिवळे होतात, लघवी गडद आणि शौच पांढरट होते, हे त्यांनी पाहून लिहून ठेवले. आजचा डॉक्टरही काविळीच्या रोग्याला पहिल्यांदा लघवीचा आणि शौचाचा रंगच विचारतो. कासनी आणि मकोय ही हकिमांची जिगरची औषधे. मोहम्मद मनाल यांनी १९३० साली सुरू केलेल्या हिमालया कंपनीने १९५५ साली लिव्ह-५२ ही गोळी आणली, तिच्यातही या दोन वनस्पती आहेत. काविळीच्या घरी ती बाटली हमखास दिसते. पण या वनस्पतींनी काविळीचा विषाणू मरतो असे सिद्ध झालेले नाही, हेही इथेच सांगून टाकले पाहिजे.

जालीनूसच्या इमारतीला पहिला तडा आपल्याकडूनच गेला. इब्न अल-नफीस याने १२४२ च्या सुमारास, इब्न सीनाच्याच ग्रंथावर भाष्य लिहिताना, रक्त हृदयातून फुप्फुसात जाऊन परत येते असे मांडले. गुरूच्या ग्रंथावर भाष्य करता करता गुरूची चूक दाखवणारी ही परंपरा आमच्या मदरशांतून पुढे कुठे हरवली, हा वेगळ्या लेखाचा विषय. १६२८ मध्ये विल्यम हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले आणि १६५३ मध्ये डेन्मार्कच्या बार्थोलिनने रसवाहिन्यांचा शोध मांडताना यकृताची चक्क अंत्ययात्रा काढली. त्याचे म्हणणे असे, की अन्नाचा रस यकृतात जातच नाही, मग रक्त कसले बनवणार? सरदाराची सरदारकी गेली. जवळजवळ दोनशे वर्षे यकृत म्हणजे पित्त गाळणारी एक गाळणी, एवढीच त्याची किंमत उरली.

ती परत मिळवून दिली क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने. यकृत साखर साठवते आणि गरजेप्रमाणे रक्तात सोडते, हे त्याने १८४८ ते १८५७ या काळात दाखवले. रोजा ठेवणाऱ्या माणसाला दुपारी चक्कर न येता काम करता येते ते या कोठारामुळे. आतड्यांतून निघालेले रक्त आधी यकृतात येते, तिथे तपासले जाते आणि मग पुढे जाते, म्हणजे जुन्या हकिमांची 'दुसरी हंडी' अगदीच खोटी नव्हती. सुमारे दीड किलोचा हा अवयव रक्त गोठवणारी द्रव्ये बनवतो, विष निकामी करतो, आणि कापला तरी पुन्हा वाढतो. म्हणूनच बाप आपल्या यकृताचा तुकडा मुलाला देऊ शकतो. लख्त-ए-जिगर हा शब्द शस्त्रक्रियेच्या टेबलावर अक्षरशः खरा ठरतो. त्याचा दोष एकच. तो बोलत नाही. त्याच्या आत वेदना सांगणाऱ्या नसा नाहीत, दुखते ते वरचे आवरण ताणले गेले तरच. तोवर बरेच काही होऊन गेलेले असते.

आता ती हकीकत.

१९८१ चा पावसाळा. वरठी तेव्हा स्टेशनभोवतीचे गाव होते. रेल्वेच्या पाटीवर नाव भंडारा रोड, गाव मात्र वरठी. सनफ्लॅगचा पोलाद कारखाना पुढे आला. अब्बांचे स्टेशनबाहेर सायकल दुरुस्तीचे दुकान होते. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणत असू, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा संपून आठवा लागला होता. त्या वर्षी मोहल्ल्यात घरोघर कावीळ होती. आम्हा भावंडांनाही झाली आणि पंधरा-वीस दिवसांत गेली, म्हणून कुणी घाबरले नाही. आपाचे डोळे पिवळे झाले तेव्हा अम्मीने स्वयंपाकातली हळद बंद केली, उसाचा रस मागवला आणि जवळच्या गावातल्या कावीळ उतरवणाऱ्याकडे तिला बैलगाडीतून नेले. मी सोबत होतो. त्याने आपाच्या हातांवर कसलासा रस चोळला आणि परातीतल्या पाण्यात हात धुतले. पाणी पिवळेधमक झाले. "निघाली," तो म्हणाला. डोक्यावर एक मुळ्यांची माळ ठेवली, ती रोज वाढेल आणि पायांपर्यंत उतरेल, असे सांगितले. माळ खरोखरच वाढत गेली.

आंब्याच्या सालीचा रस हाताला लावला आणि चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी कुणाचेही पिवळे होते, कावीळ असो वा नसो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हा प्रयोग गावोगाव करून दाखवतात. मुळ्या वाळतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. हे मला फार पुढे कळले. चौथ्या दिवशी आपा असंबद्ध बोलू लागली. अब्बांनी तिला रेल्वेने नागपूरला नेले. तिसऱ्या दिवशी तिची मय्यत परत आली, पोटातल्या बाळासह.

अम्मी आयुष्यभर म्हणत राहिली, आपण आधी नागपूरला न्यायला हवे होते. मीही अनेक वर्षे तेच मानत होतो आणि त्या पिवळ्या परातीवर राग काढत होतो. इतिहास वाचू लागलो तेव्हा कळले की गोष्ट याहून अवघड आहे.

१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचे पाणी ज्या ठिकाणी उचलले जाई, तिथे गटाराचे पाणी शिरले आणि सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली. पाण्यातून पसरणारी कावीळ म्हणजे हेपॅटायटिस ए, असे तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरले. १९७८ च्या अखेरीस काश्मीरमध्ये एका नाल्याचे पाणी पिणाऱ्या गावांत कावीळ पसरली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हे तरुण डॉक्टर गावोगाव फिरले, घरांची मोजणी केली. दोनशे गावांत सुमारे ५२ हजार रुग्ण आणि १,७०० मृत्यू, असा आकडा त्यांनी पुढे दिला. त्यांच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. ज्या वयात हेपॅटायटिस ए सहसा होऊन गेलेला असतो, त्या तरुण वयातच ही कावीळ जास्त होत होती. आणि मरणाऱ्यांत गरोदर बायका विलक्षण जास्त होत्या, त्यातही शेवटच्या महिन्यांतल्या. हा वेगळा रोग आहे, असे त्यांनी १९८० मध्ये लिहिले. त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील खुर्शीद पावरी, एम. ए. श्रीनिवासन आदींनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर, साथींच्या काळात साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून, भारतातल्या या साथी ए किंवा बी विषाणूच्या नव्हेत असे दाखवले. १९८३ मध्ये बलायन या सोव्हिएत शास्त्रज्ञाने रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन, स्वतः आजारी पडून, विषाणू पाहिला. १९९० मध्ये त्याची जनुकीय ओळख पटली. नाव पडले हेपॅटायटिस ई.

म्हणजे आपा गेली त्याच्या एक वर्ष आधी तिच्या आजाराचे वर्णन छापून झाले होते. श्रीनगर आणि पुणे इथल्या दोन दालनांत ते माहीत होते. वरठीपर्यंत ते यायला मात्र वीस वर्षे लागली. तिची रक्ततपासणी कुणी ठेवलेली नाही, त्यामुळे तिला तोच विषाणू होता असे मी शपथेवर सांगणार नाही. पण पावसाळा, मोहल्लाभर पसरलेली साथ आणि आठवा महिना, या तिन्ही खुणा तिकडेच बोट दाखवतात. आणि हा विषाणू शेवटच्या महिन्यांत गाठतो तेव्हा दवाखान्यात असलेल्या बायकांपैकीही अनेक जणी दगावतात. नागपूरला चार दिवस आधी नेले असते तर ती वाचलीच असती, असे म्हणता येत नाही. पाणी उकळून दिले असते, तर बहुधा वाचली असती. आमची विहीर नालीपासून दहा पावलांवर होती.

हे अम्मीला सांगावे की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. शेवटी सांगितले नाही.

पाण्याची गोष्ट संपलेली नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत याच विषाणूची मोठी साथ आली, माणसे मेली. आमच्या बाजूला नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला मिळते. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसेखुर्द धरणात पाणी साठू लागल्यापासून ते भंडाऱ्याच्या दिशेने मागे फुगते, अशी तक्रार शहरातली माणसे वर्षानुवर्षे करीत आली आहेत. हेपॅटायटिस ई ची लस चीनने २०११ मध्ये मान्य केली. आपल्या नियमित लसीकरणात ती अजून नाही. उकळी आलेले पाणी हाच उपाय, आणि घरात गरोदर बाई असेल तर त्यात हयगय नको.

दुसरा विषाणू, हेपॅटायटिस बी, याची चाल निराळी. तो पाण्यातून येत नाही. रक्तातून, आईकडून बाळाला आणि शरीरसंबंधातून येतो. बरूख ब्लमबर्ग यांनी साठच्या दशकात तो शोधला, १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. लस आली ती परदेशी आणि महाग; हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये देशी लस काढली तेव्हा ती सामान्यांच्या आवाक्यात आली. २०११ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात आहे, पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत. आमच्या पिढीला यातले काही मिळाले नाही. आम्हाला मिळाली एकाच डब्यात उकळलेली, दिवसभर फिरणारी काचेची सुई. आम्हाला मिळाला एका वस्तऱ्याने एका दुपारी पाच-पाच पोरांचा खतना. हजला मीना इथे केस उतरवताना एकच पाते दहा डोक्यांवर फिरे. आता सौदी सरकारने परवानाधारक न्हावी आणि दर डोक्याला नवे पाते असा नियम केला आहे. तो पाळला जातो की नाही हे पाहणे ज्याचे त्याने.

तिसरी गोष्ट आमच्याच गैरसमजाची. आपण दारू पीत नाही, म्हणून आपले जिगर साबूत, असे मोहल्ल्यात छातीठोक सांगतात. दारू यकृत खाते हे खरेच. पण साखर, मैदा, वाढलेले पोट आणि मधुमेह हेही तेच काम हळूहळू करतात. यकृतात चरबी साठते, मग सूज, मग घट्ट व्रण. सरकारने २०२१ मध्ये या आजाराचा समावेश मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरवले तर यकृत बरेचसे सावरते, इतका हा अवयव क्षमाशील आहे. आणि 'नैसर्गिक' म्हणून काहीही काढे पिऊ नयेत. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये केली. आयुष मंत्रालयाने ती नाकारली, वाद झाला. पण नाव न लिहिलेल्या पुड्यांविषयी वाद असण्याचे कारण नाही.

२८ जुलै २०१८ ला, ब्लमबर्ग यांच्या जन्मदिनी, केंद्र सरकारने हेपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तपासणी आणि औषध मोफत. पुढच्या वर्षी आम्ही तिघे भाऊ भंडाऱ्याला जाऊन रक्त देऊन आलो. माझा अहवाल साफ, धाकट्याचा साफ. मधल्याचा बी निघाला. त्याला कधी काही झाले नव्हते, कारखान्यात तीस वर्षे भट्टीसमोर काम केलेला धडधाकट माणूस. सुईने, वस्तऱ्याने की अम्मीकडून, हे आता कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टरांनी यकृत तपासले, रोज एक गोळी सुरू केली, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. भाभीची आणि मुलांची तपासणी झाली, ती सुदैवाने मोकळी निघाली, सगळ्यांना लस दिली.

मोहल्ल्यात त्याने हे कुणाला सांगितलेले नाही. कप-बशी वेगळी करतील, मुलीचे जमलेले लग्न मोडेल, ही धास्ती. हा विषाणू ताटातून, गळाभेटीतून येत नाही, हे मी त्याला समजावले. त्याने ते लोकांना समजावून सांग म्हटले. २०२३ मध्ये तो हजला निघाला तेव्हा मी त्याची बॅग भरायला बसलो होतो. एहरामच्या कपड्यांखाली, गोळ्यांच्या डब्यांशेजारी, त्याने नवा वस्तरा आणि पात्यांची दोन पाकिटे ठेवली होती. तिकडे नवे पाते मिळते, मी म्हटले. तो म्हणाला, "मला मिळेल. माझ्यानंतर जो बसेल त्याचं काय?"